अकरा जणांची खोली

दौलतगंजातल्या पतपेढीच्या मागच्या खोलीत
पूर्वी अकरा डबे होते.
व्याजाचा वेगळा, हजेरीचा वेगळा,
लॉकरचा एक, आणि कोपऱ्यातला तो खडखड्या
ज्याला कुशवाह 'बुढऊ' म्हणायचा.
एखादा बसलाच, तर बाकीचे दहा
आपापल्या पंख्यात घोरत राहायचे.
आवाजावरून कळायचं मला
आज कुणाचं दुखतंय.

मग एका मे महिन्यात,
बाहेर सेहेचाळीस, आत एसीचं बिल त्याहून चढं,
इंदापूरकर साहेबांनी एक पेटी आणवली.
अकराही जण तिच्यात राहायला गेले.
शरीरं नाहीत, नुसती नावं.
डबे भंगारवाल्याने सतराशेला नेले.
संचालक मंडळाने टाळ्या वाजवल्या,
माझ्यासाठीही दोन.

नवीन यंत्र हवं? आता चार क्लिक.
म्हणून सगळ्यांनाच हवं झालं.
ऑडिटपुरतं एक, ट्रेनिंगला एक,
एकाचं नाव 'चाचणी दोन',
चाचणी एक कधी नव्हतंच.
अकराची एकतीस.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
मार्चअखेरीला व्याज हिशेबाला बसलं
की हजेरी धापा टाकायची.
कागदावर दोघांनाही आठ-आठ जीबी.
ते वाटप माझंच,
नसलेल्या मेमरीचं, सढळ हाताने.

जानेवारी. धुकं. तीन वाजून दहा मिनिटं.
पेटीतला बोर्ड जळाला,
वीतभर असेल.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे;
इथे वासे होते कुठे.

बॅकअप? तो बत्तिसावा भाडेकरू,
तोही आतच.
पासवर्डांची वही मीच टाइप करून
आत ठेवलेली.
सुरक्षित राहावी म्हणून.

चौकीदार भदौरिया टॉर्च घेऊन आला,
मफलरमधून म्हणाला,
"कौन-सी गई, भैया?"
मी दाखवायला बोट उचललं
आणि ते तसंच हवेत राहिलं.

साडेपाचला कुशवाह आला, स्कूटरवरून, भिजल्यासारखा.
बराच वेळ पेटीकडे बघत राहिला.
मग हळूच, चोरी कबूल केल्यासारखा म्हणाला,
बुढऊला मी भंगारात जाऊ दिलं नव्हतं.
घरी आहे. त्यावर कूलर ठेवलाय.

दहाला काउंटर उघडायचं होतं.
चालतो का रे, मी विचारलं.

पंखा फिरतो, म्हणाला.