राखीव नमुना

अंबडच्या कारखान्यात माझी खोली सगळ्यात शांत.
लोखंडी मांडण्या, दोन थर्मामीटर, एक जाड वही
आणि प्रत्येक बॅचची तीन-तीन पाकिटं:
उपमा, पोहे, मसालेभात.
विकायची नाहीत, नुसती सांभाळायची,
म्हणजे कोणी तक्रार केली तर दाखवता येतं
त्या दिवशी आम्ही काय शिजवलं होतं ते.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो,
बॉयलरच्या वाफेत मधूनमधून पुसला जातो.

शेजारच्या शेडमध्ये पांढरा कांदा वाळतो,
साठ अंशांवर, ट्रेवर पसरून, पाळी संपेपर्यंत.
दहा किलोचा जेमतेम एक किलो उरतो,
बाकीचं सगळं पाणी
चुंचाळ्याच्या आभाळात निघून जातं.
वास तेवढा माझ्या ओढणीत बसून सिडकोपर्यंत येतो;
बसमध्ये शेजारची बाई सरकून बसते.

वेणू थेटे त्या शेडला होती.
विळी चालत नाही म्हणून तिला सुरी दिली,
जाळीची टोपी दिली, हातमोजे दिले.
डाव्या हाताचा मोजा ती काढून ठेवायची.
"रबराला कांदा कळत नाही," म्हणायची.
सुपरवायझरच्या बुटांचा आवाज आला की घालायची.
चकती तीन मिलिमीटरची हवी, भिंतीवर तक्ता होता.
वेणूच्या चकत्या वेणूच्या मनासारख्या:
लेकीचा फोन येऊन गेला की पातळ,
दिराच्या वाटणीचा विषय निघाला की जाड.

मी शिकलेली, पांढऱ्या कोटातली,
तिला समजावायचे: पाणी काढलं की टिकतं,
जंतूंना जगायला पाणी लागतं.
"अगं, ते तर पापडालाही ठाऊक आहे.
मीठ, ऊन, तेल, धूर.
तुमच्या मशिनीनं नवीन काय केलं?
गच्चीवर कावळे हाकलायला
कोणी बसावं लागत नाही, एवढंच."

गेल्या फाल्गुनात काप-यंत्र आलं.
दुसऱ्या दिवशी बावीस जणींचे गेटपास गोळा केले.
वेणूनं सुरी धुतली, पुसली, सही करून परत दिली.
हातमोजेही दिले. डावा जवळजवळ कोरा होता.

आज तिच्या हातच्या शेवटच्या कांद्याची बॅच
बारा महिन्यांची झाली.
पाकीट कापा. उकळतं पाणी घाला.
आठ मिनिटं झाकून ठेवा.
रंग, वास, चव, आकार, नऊपैकी गुण द्या.
उरलेलं निळ्या डब्यात.

घड्याळ लावून बसलं तर आठ मिनिटं फार असतात.
घरी कळत नाहीत.
तिरक्या लेबलाची पाकिटं आम्हाला निम्म्या भावात मिळतात,
सकाळी डबा भरताना मी तीच कापते.
ओजस म्हणतो, "आई, तुझा उपमा भारी असतो."
मी झाकण लावते.

झाकण काढलं.
रवा फुलला होता, मोहरी होती तशी,
कढीपत्त्यात हिरव्याची नुसती आठवण,
आणि मधोमध कांद्याची एक चकती,
कडेनं मऊ, आत अजून चिवट,
तीन मिलिमीटरच्या चांगली दुप्पट.

त्या सकाळी तिनं काय विषय काढला होता,
मला आठवेना.
चावली. आधी काहीच नाही.
मग गोड. मग मागून, घशाशी, थोडी तिखट.

रंग सात. वास सात. चव आठ.
आकार असमान. गुण कापावे लागतात, कापले.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवला, उचलला.
निळा डबा आज रिकामाच राहिला.

मांडणीवर त्या बॅचची अजून दोन पाकिटं आहेत.
एक अठराव्या महिन्यात उघडायचं.
एक, कोणी तक्रार केली तर.