खारं

जेल रोडवर, जिना चढून डावीकडे,
मोबाइलवाल्यांच्या कलकलाटात
'मुंगी कॅमेरा दुरुस्ती' अजून आहे.
पाटी सासऱ्यांची. हात माझे.

मी समुद्र पाहिलेला नाही.
तोच येतो इंदुरात माझ्याकडे,
दिवाळीच्या सुट्टीनंतर जास्त,
दीवहून, पुरीहून, गणपतीपुळ्याहून,
टॉवेलात गुंडाळलेला.

शंख धरतात म्हणे, तशी मी लेन्स कानाशी धरते
आणि फोकसची रिंग फिरवते.
करकर.
"वाळू. आणि वरून कोरडीच पुसलीस ना,
शर्टाच्या टोकानं?"

सुश्रुत नावाचा मुलगा, मान खाली.
मग माझी पोथी सुरू :
अरे, आधी फुंकणी. रबराची, तोंडाची नव्हे.
मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं.
मीठ विरघळू दे, मग टिपून घे,
घासलंस की ओरखडा जन्माचा.
लाटेसमोर लेन्स बदलायची नाही.
एसीतून एकदम बाहेर काढायची नाही,
डोळे भरून येतात तिचे.
आणि पुढे एक साधी काच लाव, तीनशेची,
मरायचं तर तिनं मरावं.

"काच होती, काकू. मीच काढली.
आई पहिल्यांदा पाण्यात उतरत होती,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर,
माझी ट्रॅकपँट घालून.
काच धुरकटली होती
आणि ती थांबायला तयार नव्हती."

यावर पोथीत काही नव्हतं.

तीन स्क्रू. एक गंजलेला, त्याला अर्धी दुपार.
आतल्या कडेला पांढरी रेघ, रवाळ.
नखावर घेतली आणि जिभेला लावली.
सासरे असते तर ओरडले असते.

या गावाला खारं काय शिकवायचं!
गिऱ्हाइकं येतात तीच शेवेच्या बोटांनी.
पण हे निराळं, मागून कडवट,
कुणीही न तळलेलं.

संध्याकाळी तो आला. "किती झाले?"
"आधी फोटो दाखव."

उजव्या कोपऱ्यात एक थेंब, पसरलेला.
त्यात वाकडी झालेली आई,
वर उचललेला एक पाय,
आणि तिच्यामागे, केवढा तरी, तो.

"हा थेंब पुसू नकोस हं भिया,
कॉम्प्युटरवरसुद्धा नाही."

आठशे सांगणार होते.
पाचशे घेतले.
तीनशे काचेचे.