श्वास रोखा

बोरा बाजारातल्या गाळ्यात अब्बासभाईनं
कॅमेरा फडक्यावर ठेवला, तान्हं मूल ठेवावं तसा.
"लेन्सच्या कडेला जरा बुरशी आहे, मॅडम,
पण पाखरांना कुठं कळतंय."
साडेसहा हजार म्हणाला, पाच हजार आठशेला दिला.
वर पट्टा फुकट; त्यावर कुण्या लग्नाच्या फोटोग्राफरचं नाव,
अर्धं खरवडलेलं.

स्टँड नाही. तांदळाचा डबा आहे,
डब्यावर मुगाची पुरचुंडी,
तिला कोपरानं केलेली खळी, तीत लेन्स टेकते.
लपायला जुनी चादर, मधोमध कापलेली.
चहा घेऊन आलेली सून म्हणाली,
"आई, पोस्टाच्या पेटीसारख्या दिसता."

ग्रिलला तारेनं बांधलेला तेलाचा कॅन, पाच लिटरचा,
त्याला चिमणीच्या खांद्याएवढी भोकं.
आत बाजरी, कण्या. बाहेर पपईची फोड.
कबुतरांना बंदी. नांदोस्करांनी फळ्यावर तसं लिहिलंच आहे,
लाल खडूनं, 'दाणे'वर एक मात्रा जास्त देऊन.
तरी एक कबुतर येतं,
डोकं घालतं, अडकतं,
आणि रागावतं माझ्यावर.

कन्नमवार नगरात माझ्या खिडकीशी उजेड सात चाळीसला येतो
आणि आठ दहाला समोरच्या टॉवरमागं जातो.
तेवढ्यात कुकर दोनदा बोलावतो.

आजवरची जमा:
शेपटी. शेपटी. ग्रिल.
बुलबुलाचं बूड, लालभडक, अगदी स्पष्ट,
बाकी बुलबुल गेलेला.
तांबटाच्या जागी हिरवा धूर.
साळुंकी एकदाच पुरती मिळाली, पण डोळे मिटून,
आधार कार्डावर मी आहे तशी.
लेन्स कर्रर्र करून काय ते ठरवेपर्यंत
फांदी हलत असते, बस्स.

तळमजल्यावरचा निकेत, ज्याच्याकडं हातभर लेन्स आहे, म्हणाला,
"काकू, उजेड आपल्या पाठीशी हवा. तुमची खिडकीच चुकीची आहे."
खिडकी म्हाडाची आहे, बाळा.

परळच्या इस्पितळात एकतीस वर्षं
शिशाच्या काचेआडून मी म्हणत आले:
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या.
रोखा.
गिरणीतले खोकत आले, हमाल आले,
बांगड्या काढून हातात धरलेल्या बायका आल्या,
सगळ्यांनी माझ्या सांगण्यावरून श्वास रोखला.
"सोडा" म्हणायला मी एकदा विसरले,
तर आठ वर्षांचा एक पोरगा गाल फुगवून उभाच राहिला,
दार उघडेपर्यंत.
फिल्म ओली असतानाच ते विचारत, काय दिसतंय?
दिसायचं मला. पुष्कळ दिसायचं.
मी म्हणायची, डॉक्टर सांगतील.

मंगळवारी सात बावन्नला
एक चिमणा कॅनच्या काठावर उतरला,
गळ्याखाली काळा डाग, दौतीत वाकून पाहिल्यासारखा.
मुगावर लेन्स, चादरीत मी.
श्वास आपोआप थांबला,
कुणी सांगितलं नव्हतं.
तो उडाला आणि मग बटण दाबलं गेलं,
नेहमीसारखं, वरातीमागून.

समोरून ऊन.
चोच नाही, डोळा नाही, चेहऱ्याच्या जागी नुसती सावली.
पण डावा पंख उघडा,
आणि त्यातून उजेड आरपार:
करड्या पात्या एकीवर एक,
आणि त्यांच्या मुळाशी
आगकाडीहून बारीक,
हाडाची रेघ.

सवयीनं मी कॅमेरा खिडकीकडं वर धरला, फिल्म धरावी तसा.
उन्हात सगळंच पुसलं गेलं. स्वतःशीच हसले.
मग चादरीच्या अंधारात, चष्मा पुसून,
खांद्यापासून टोकापर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं.
कोपऱ्यात एक ठिपका होता, तो लेन्सच्या बुरशीचा.
बाकी कुठं चीर नाही, मोड नाही.

कॅन अजून झुलत होता.
कुकर तिसऱ्यांदा ओरडला.
आसपास डॉक्टर कुणी नव्हते,
म्हणून मीच सांगितलं, मोठ्यानं:
सोडा श्वास.
उडायला हरकत नाही.