आधी कान लाव

आधी स्क्रूड्रायव्हर नाही, नागमणी. आधी कान.
पंखा नुसता धापतोय की कण्हतोय,
आत पालीसारखं काही चुकचुकतंय का –
चुकचुकलं, तर वीज काढ, हात मागं घे
आणि विचार, 'कॉपी आहे का कुठं?'
माणूस गप्प बसला
की त्याला आधी पाणी दे.

मग बटण बघ. हसू नकोस.
साखर पेठेतल्या एका डॉक्टरांकडं दोन जिने चढून गेले,
मे महिना, बाराचं ऊन,
आणि प्लग भिंतीतून निघालेला.
झाडू मारताना कुणीतरी ओढलेला.
पैसे नाही घेतले. ताक घेतलं.

रॅम काढायच्या आधी लोखंडाला हात लाव,
अंगातली वीज तिथं सोड.
सोनेरी दात खोडरबरानं घास, हलक्या हातानं.
परत बसवताना 'टक्' आला पाहिजे, दोन्हीकडून.
एका टक्‌वर समाधान मानणाऱ्यांना
संध्याकाळी परत फोन येतो.

पेस्ट मसुराएवढी. तूप वाढायचं नाहीये.

कीबोर्ड उलटा करून झटक.
शेंगाचटणी पडेल, बडीशेप पडेल.
एका मुनिमाच्या कीबोर्डातून नखं पडली होती,
कापलेली, मोजली तर दहाच्या दहा.
कुणाला सांगायचं नाही.
फोटोंचं फोल्डर दिसलं तरी दिसलं नाही.

आणि रुई.
आपल्या गावात धूळ परवडली. रुई पंख्यात शिरते,
जाळीवर चादर विणून बसते
आणि आतला जीव उकडून निघतो.
अमावास्येला माग पुसता तसं हेही उघडा,
मी प्रत्येक कारखान्यात सांगते. कोण ऐकतंय.
तू मात्र फुंकताना पातं बोटानं धरून ठेव,
मोकळं गरगरलं तर तेच मरतं.

अक्कलकोट रोडला दासरींचा टॉवेलचा कारखाना.
'सारखं बंद पडालंय बघा,' श्रीधर म्हणाला.
रुई निघाली बोटभर.
पण डिस्क चुकचुकत होती, आणि कॉपी नव्हती.
मोराचं डिझाइन, त्याच्या वडिलांच्या हातचं,
गेलं.

मी वायरी गोळा करायला खाली वाकले.
टेबलाच्या तोकड्या पायाखाली
पुठ्ठ्याची घडी होती,
ओळीनं भोकं पाडलेली.
'ते होय? जुनी कार्डं. जेकार्डची.
माळ्यावर पोतंभर पडलीत.'

पोतं उतरवलं. उंदरांनी
मोराची मान तेवढी खाल्ली होती.

मग राजमल्लूमामांना रिक्षानं आणलं,
एका डोळ्यावर पट्टी, मोतीबिंदू नुकताच काढलेला.
स्क्रीनकडं त्यांनी बघितलंच नाही.
मांडीवर बोटं आपटत तेलुगूत मोजत राहिले,
ओकटि, रेंडु, मूडु, इथं सोड, इथं उचल –
आणि मी एकेक चौकोन भरत गेले
चार तास.
एके ठिकाणी थांबले. म्हणाले,
इथं एक चूक होती. माझीच.
ती पण घाल.

तीन कॉप्या केल्या.
एक त्यांच्याकडं, एक आपल्या कपाटात वरच्या खणात,
एक श्रीधरच्या बहिणीकडं, पुण्याला.
एका छपराखालच्या दोन कॉप्या म्हणजे एकच, हे लिहून ठेव.
कार्डं नव्या पोत्यात, डांबराच्या गोळ्या घालून.

टेबल आता डुगडुगत होतं, म्हणून पायाखाली
आपलं भरलेलं पावतीपुस्तक सारून आले.
पुढच्या वेळी तिकडं तू जाशील.
काढू नकोस ते.
काढलंसच, तर फेकायच्या आधी
एकदा चाळून बघ.