मागची सीट

एप्रिल. मायनॉट, नॉर्थ डकोटा. कुंपणाकडेला अजून मळकं बर्फ.
ती आली तेव्हा हातात हेल्मेट आधीच होती. दोन.
मी सवयीनं सुरू झालो: नऊशे सीसी, टॉर्क, क्रोम, हप्ते.
"पाय टेकतात का ते आधी बघू दे," म्हणाली लोर्ना ट्वेट,
आणि टेकवले. टाचांसकट.

मग तिनं नवऱ्याला हाक मारली.
एमेट दारापाशी, भिंत चाचपत.
तीस वर्षं त्यानं हिला मागे बसवून हिंडवलं;
आता नजरेच्या मधोमध एक धुरकट नाणं,
जग उरलंय ते कडेकडेनं.

पहिलीची मागची सीट लोण्याच्या वडीएवढी.
"इथं माझी पर्स बसेल."
दुसरीवर त्याचे गुडघे कानाशी.
तिसरी देखणी. तिनं ती स्टँडवरून नुसती सरळ केली
आणि परत टेकवली: "हा बसला की दोघंही आडवे."

चौथी जुनी, विटकरी, टाकीवर पोचा.
मीच ती कोपऱ्यात ढकलली होती.
तिला पाठीमागे टेकू होता.
ती पुढे बसली. एमेट चढला,
त्याचे बूट फूटरेस्ट शोधत राहिले, सापडले.
"आता?"
तो बराच वेळ गप्प.
"हात कुठं ठेवायचे गं?
हे मला कधी ठाऊकच नव्हतं."

मागे न बघता
लोर्नानं त्याचे हात ओढून पोटाशी घेतले
आणि मला विचारलं,
"या पोच्याचे किती कमी करणार?"