बिल्ल्याखालचा रंग

शावानों म्हातारा फ्रेम घेऊन आला
तेव्हा ती पडद्याच्या कापडात गुंडाळलेली होती,
मासा गुंडाळावा तशी, घाईने.
एकोणपन्नास सालची. त्याच्या थोरल्या भावाची, एमेची.
मधे कुणीतरी तिच्यावर फाटकाच्या करड्या रंगाचे
दोन हात चोपडले होते.

"हिरवी होती," म्हणाला.
"हिरवी, आणि तिच्यावर धूर."

धूर मला ठाऊक आहे.
आमच्या सँतेतिएनमध्ये खाणीतले दिवे स्वस्त होते तेव्हा
रंगारी ओल्या वार्निशखालून कार्बाइडची ज्योत फिरवायचे,
काजळी आपणहून बसायची
पिसासारखी, शिंपल्याच्या आतल्या वळ्यांसारखी,
कुणाकुणाच्या हातून तर करपलेल्या कढईसारखी.
कुणी हे लिहून ठेवलं नाही.
ज्यांना येत होतं ते खोकून खोकून गेले.

तीन आठवडे मी जुन्या नळ्यांच्या तुकड्यांवर
धूर काढत बसले.
ज्योत जवळ नेली की वार्निशला फोड,
लांब धरली की नुसता मळ.
सतरावा तुकडा जमत आला आणि मला शिंक आली.
(शिंकेचीही नक्षी उठते. ठेवली आहे मी, खिडकीत.)
मग कळलं, माझा हात फार स्थिर आहे.
अर्धं आयुष्य सांध्यांच्या कडेने सोनेरी रेघ ओढण्यात गेलं,
खारीच्या केसांचा लांब ब्रश, ओठ मिटलेले.
रेघेसाठी श्वास धरावा लागतो.
धुरासाठी सोडून द्यावा लागतो,
आणि हे वय झाल्यावर शिकायला फार जड जातं.

करडा थर पात्याने खरवडला.
खाली प्रायमर, खाली गंज, कुठे काहीच नाही.
शेवटी पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला काढला.
दोन स्क्रू; एक तुटला.
बिल्ल्याखाली टपाल तिकिटाएवढी जागा,
जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं.
ती निळी होती.
गॅसच्या ज्योतीच्या मुळाशी असतो तो निळा.

फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसता रेडिओ ऐकू आला.
मग, "चुकताय तुम्ही. मी त्या दांडीवर बसलोय."

बसला असेल.
जवसाच्या तेलाचं वार्निश म्हातारं होतं म्हणजे पिवळं होतं,
आणि निळ्यावर पिवळं म्हणजे काय
हे शाळेतलं पोरही सांगेल.
एमेने सोळाव्या वर्षी घेतली ती निळी.
रेजिस जन्मला, दुधाचे दात पडले,
दांडीवर बसवण्याइतका मोठा झाला,
तोवर दक्षिणेच्या खिडकीखाली उभी राहून
ती हिरवी झाली होती.

"त्याची करू की तुमची?" मी विचारलं.
तो दुकानात उभा, टोपी हातात.
निळ्या चौकोनाकडे वाकून पाहिलं, बोट लावलं नाही.
"हा मला कधी भेटलाच नाही," म्हणाला,
"निळ्यावरचा."
आणि थोड्या वेळाने, "निळीच करा."

केली.
बिल्ल्याखालची जागा तेवढी पट्टी लावून राखली,
नवा निळा तिच्या काठापर्यंत आणून थांबवला.
जुळतो. दिवसा जुळतो; ट्यूबलाइटखाली जरा कमी.
धूर एका रात्री उतरला, अठ्ठाविसाव्या खेपेला,
डाव्या बाजूला दाट, उजवीकडे विरळ.
तसाच राहू दिला.

आजची वार्निशं पिवळी पडत नाहीत,
डब्यावर तशी हमीच छापलेली असते.
मी बिनहमीचं घेतलं, घरी उकळलेलं.
त्याला सांगितलं, उन्हात ठेवा,
दहाएक वर्षांत हिरवी दिसू लागेल.
"मला पंच्याहत्तरावं चालू आहे," तो म्हणाला,
आणि हसला की खोकला, नीट कळलं नाही.

सायकल चढावर ढकलत नेली त्याने, बसला नाही.
पडद्याचं कापड इथेच विसरला.
मी त्याला ब्रश पुसते.