पुकारा

एकतीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात
दाराबाहेर उभा राहून मी नावं पुकारली.
तीनदा. ना घाईत, ना रागाने.
तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही
तर आत जाऊन सांगायचं : गैरहजर, साहेब.

आता घणसोली गावठाणात, दुसऱ्या मजल्यावर,
शोकेसच्या ज्या कप्प्यात बाहुल्या असायच्या
तिथे निकेशचा डबा बसलाय.
अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा.
दर साडेसहा मिनिटांनी साक्ष देतो, म्हणे.
कसली?
हा हिशेब मी पाहिला, बरोबर आहे, एवढीच.
आणि त्याचे पैसे मिळतात?
थोडे.
कोर्टातही साक्षीदाराला भत्ता असायचा,
एसटीच्या तिकिटापुरता.
म्हणून पुढे विचारलं नाही.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं जे आलं
त्यातला त्याचा वाटा ह्या डब्यापायी अडकलाय.
यमुना त्याला अनामत म्हणते.
मी जामीन म्हणतो.

डब्यामागे यूपीएस,
यूपीएसमागे इन्व्हर्टर,
इन्व्हर्टरमागे बॅटरी,
बॅटरीमागे मी,
नरसाळं आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन.
पंखा आधी ह्याच इन्व्हर्टरवर होता. निकेशने काढला.
पंखा पंचाहत्तर वॉट खातो, बाबा. डबा तीस.

खिडकीतून हाय टेन्शनचे मनोरे दिसतात,
आमच्याच खारीत पाय रोवून उभे.
त्यांच्यातून अख्ख्या शहराची वीज जाते.
आमची कोपऱ्यावरच्या डीपीतून येते,
येते तेव्हा.

मस्कतला निघताना तो म्हणाला,
बॅटरी संपली तर संपू द्या, गैरहजरीचा दंड किरकोळ असतो.
पण घाबरून जुन्या लॅपटॉपवर हेच सुरू करू नका.
एका नावाने दोन ठिकाणी साक्ष झाली
तर कापतात, आणि हाकलून देतात.
हे मला सांगायला नको होतं.

मे महिना. गुरुवार. दुपारी चारला
गटाराचं खोदकाम करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडला, मग गप्प झाला.
डबा चालू. साक्ष चालू.
रात्री नऊला यमुना फरशीवर आडवी,
पदराने वारा घेत, काही न बोलता.
तिचं न बोलणं मी ओळखतो.
उठलो, पंख्याची वायर परत जोडली.

एक वाजून दहा मिनिटांनी
पंखा आणि हिरवा दिवा बरोबरच गेले.

मग आठवला धाया काका.
आमच्या खारीचा बांध कुठे संपतो
हे माहीत असलेला शेवटचा माणूस.
तेविसाव्या तारखेला तो वाशीच्या हॉस्पिटलात होता, नळ्या लावलेला,
आणि त्या दिवशी पुकारा माझ्याच वाट्याला आला.
धाया बाबू म्हात्रे, हाजिर हो.
कॉरिडॉर रिकामा. मला ठाऊक होतं.
तरी तीनदा.
तो बांध चुलत्यांकडे गेला.

अंधारात मी शोकेससमोर उभा,
आणि तोंड आपोआप उघडलं.
झोपा आता, यमुना म्हणाली.
पंखा गेला, निदान तुमचा आवाज तरी थांबवा.

सकाळी सातला लाईट आली.
डबा जागा झाला, पण साक्षीला बसेना.
आधी रात्रभराचं राहिलेलं वाचत बसला,
सुट्टीवरून आलेल्या कारकुनासारखा.
निकेशचा फोन आला, एकशे सत्तर रुपये गेले.
त्यात पापलेटचं शेपूटही येत नाही, मी म्हणालो.
तो हसला. मग हसायचा थांबला.
पण बाबा, नऊ तासांत बॅटरी कशी संपली?
डब्यापुरती तर ती दिवसभर जायला हवी.

यमुना चहा गाळत होती.
वर पंखा फिरत होता, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा.

जुनी झाली असेल, मी म्हणालो.

शपथेवर नव्हतो.